म्युन्त्सेनबेर्गचा नकाशा: सहा बहिणींपाशी अडलेलं काम

गेल्या महिन्यात म्युन्त्सेनबेर्गची जुनी मालकी दाखवणाऱ्या माझ्या नकाशावर हिरवी पेन्सिल फिरवून खूश झालो होतो. या आठवड्यात ती सगळी खोडली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: म्युन्त्सेनबेर्ग हे जर्मनीच्या हेसेन राज्यातलं, वेटेराऊ भागातलं छोटं गाव. बेसाल्टच्या टेकडीवर किल्ला. त्याच्या दोन गोल बुरुजांमुळे त्याला 'वेटेराऊची दौत' म्हणतात. नावात 'म्युन्त्से' म्हणजे नाणं असेल असं मी धरून चाललो होतो. निघाला पुदिन्याचा भाऊबंद, 'मिन्त्से'.

हागेन-आर्न्सबुर्ग घराण्याने ही टेकडी 1150 च्या सुमारास फुल्डाच्या मठाकडून अदलाबदलीत घेतली. याच घराण्यातला पहिला कूनो हा सम्राट बार्बारोसाच्या दरबारातला 'केमरर', आपल्या जामदारासारखा मानकरी. पण कायद्याने तो मिनिस्टेरियालिस, म्हणजे स्वतंत्र नसलेला सेवक! किल्ला बांधतो, 1174 मध्ये आर्न्सबुर्गला सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ वसवतो आणि कागदोपत्री चाकरच. यावर मी बरेच दिवस अडलो होतो. चाकरी थेट सम्राटाची असली की तीच शिडी होते, हे उशिरा डोक्यात शिरलं.

आता खोडाखोडीचं कारण. 1255 मध्ये या घराण्यातला दुसरा उलरिश निपुत्रिक वारला आणि सगळी जहागीर त्याच्या सहा बहिणींच्या सासरी गेली. वाटे सहा. त्यातल्या एका सासरच्या, फाल्केनश्टाइन घराण्याने स्वतःच्या वाट्यात इतरांचे वाटे विकत घेऊन 5/6 जमवलं, दुसऱ्या सासरच्या हानाऊ घराण्याकडे 1/6 राहिलं. मी शहाण्यासारखा नकाशाचा सहावा तुकडा मोजून हिरवा केला. चूक! म्युन्त्सेनबेर्गचा किल्ला आणि गाव सामायिक होतं. सातबाऱ्यावर सगळी नावं, मधे बांध नाही, फक्त आणेवारी. हिशेब केला तर हानाऊचे दोन आणे आठ पै, फाल्केनश्टाइनचे तेरा आणे चार पै. अशा सामायिक किल्ल्यांत हिस्सेदार 'बुर्गफ्रीडेन' नावाचा करार करत: आवारात एकमेकांवर हत्यार उपसायचं नाही. भाऊबंदकी ओळखून असलेली माणसं.

म्हणून आता रंग भरणं बंद. सामायिक ठिकाणी तिरप्या रेघा, दर सहा रेघांत एक हिरवी, पाच तांबड्या. दिसायला जरा सतरंजी झाली आहे, पण खोटं तरी बोलत नाही.

किल्ल्याचा आराखडा मात्र जमला. दक्षिणेचा, जुन्या रोमानेस्क शैलीतला महाल जुन्या धन्यांचा; उत्तरेचा, नंतरच्या गॉथिक शैलीतला महाल फाल्केनश्टाइनांचा. वारसा बदलल्याची खूण दगडातच आहे, त्यामुळे इथे दोन रंग बिनदिक्कत वापरले.

पुढचा कागद 1418 चा. फाल्केनश्टाइनांचा शेवटचा पुरुष वेर्नर, ट्रियरचा आर्चबिशप. त्याच्यामागे एपश्टाइन आणि झोल्म्स ही घराणी वारस. म्हणजे तेरा आणे चार पैंची पुन्हा फोड. तांबड्या पेन्सिलीच्या आणखी दोन छटा आणायला हव्यात.