चॅटनूगाचा पूल

माझे बालपण सांगलीत गेले. तिथे कृष्णेवर आयर्विन पूल आहे आणि पावसाळ्यात घराघरांत एकच चौकशी चाले, "आयर्विनला पाणी किती फूट?" त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरी राहायला आल्यावर मी आधी नदी आणि तिच्यावरचा जुना पूल गाठला, यात नवल नाही.

टेनेसी नदी इथे डोंगरांमधून वळणे घेत जाते. चिकमॉगा धरण १९४० मध्ये पूर्ण झाले आणि शहराची पुराची धास्ती पुष्कळच कमी झाली. ते बांधणाऱ्या टेनेसी खोरे प्राधिकरणाच्याच धर्तीवर आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, हे आईला सांगितले तेव्हा तिला हे शहर एकदम ओळखीचे वाटू लागले.

ज्या डोंगरांमुळे शहर देखणे दिसते, त्यांनीच एके काळी ओतशाळांचा आणि कोळशाचा धूर खोऱ्यात कोंडून ठेवला होता. १९६९ मध्ये देशातील सर्वांत दूषित हवेचे शहर म्हणून चॅटनूगाचे नाव जाहीर झाले. त्यानंतर हवा स्वच्छ झाली आणि लोक पुन्हा नदीकाठी वळले. १९९२ मध्ये काठावर मत्स्यालय उभे राहिले. पर्वतातल्या झऱ्यापासून समुद्रापर्यंतचा पाण्याचा प्रवास तिथे जिवंत माशांसह पाहता येतो, आणि मुलांना घेऊन येणाऱ्यांनी त्यासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा. लुकआउट डोंगरावर चढणारी १८९५ सालची तीव्र उताराची रेल्वेही एकदा अनुभवावी.

माझा जीव मात्र वॉलनट स्ट्रीट पुलावरच जडला आहे. १८९१ मध्ये खुला झालेला हा लोखंडी पूल १९७८ मध्ये वाहनांसाठी बंद झाला. तो पाडला जाण्याची वेळ आली असता नागरिकांनी वाचवला आणि १९९३ पासून तो केवळ पायी चालणाऱ्यांचा झाला. संध्याकाळी तिथे बाबागाड्या ढकलणारे आईबाप, धावणारी तरुण मंडळी आणि कठड्याला टेकून पाणी न्याहाळणारे वृद्ध, असे सारे शहर भेटते.

याच पुलावर १९ मार्च १९०६ रोजी एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून आणून फाशी दिले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेला स्थगिती दिलेली असताना हे घडले. म्हणून त्या न्यायालयाने स्वतः खटला चालवून १९०९ मध्ये शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, आणि इतर काहींना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. त्या न्यायालयाच्या इतिहासातला असा फौजदारी खटला हा एकमेव होय. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला २००० साल उजाडले आणि पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचे स्मारक २०२१ मध्ये उभारले गेले. त्याच्यासाठी झगडलेल्या दोन कृष्णवर्णीय वकिलांचे पुतळेही तिथे आहेत.

आई इथे आली तेव्हा मी तिला आधी मत्स्यालयात नेले होते आणि स्मारक घाईघाईत दाखवले होते, ही माझी चूकच झाली. आता कोणीही पाहुणे आले की मी त्यांना प्रथम त्या पुतळ्यांपाशी नेतो, सगळी हकीकत सांगतो आणि मगच आम्ही पुलावर पाऊल ठेवतो.