आम्हाला कोण आवडतं, याचं सविस्तर उत्तर

ठाण्याला सुट्टीवर गेलो की तलावपाळीवर शाळेतली मंडळी जमतात. पाणीपुरी होते, एकमेकांच्या पोटांची आणि ईएमआयची चौकशी होते, आणि मग कुणीतरी घसा खाकरून विचारतंच, "बरं, तिकडे तुम्हा लोकांना आवडतं तरी कोण? म्हणजे हिरो वगैरे?" मी गे आहे हे या मंडळींना आता पचलंय. पुढचं काही थेट विचारायला त्यांना अवघड जातं, म्हणून हिरोंच्या आडून चौकशी. मँचेस्टरला राहायला आल्यापासून हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो, लिंक पाठवायला बरी.

थोडक्यात सांगायचं तर तुमच्या बायकांना जे आवडतात तेच, उन्नीस-बीस. पण आम्ही यांच्यावर जीव टाकतो हे कळल्यावर ते नट, ते खेळाडू काय करतात, त्यात तिकडचा आणि इकडचा खरा फरक आहे.

सुरुवात आमच्या नौपाड्यातल्या हॉलमधून करावी लागेल. साल १९९५. टीव्हीवर अलिशा चिनॉयचं गाणं लागलेलं आणि लाकडी खोक्यातून उघड्या अंगाने बाहेर येणारा मिलिंद सोमण. घरात प्रत्येकाने तो आपापल्या परीने पाहिला. ताईने टीव्हीला नाक लावून. आईने कणीक मळता मळता, न पाहिल्यासारखं करून. आजीला आडनावातच रस: "सोमण म्हणजे कुठले गं? दादरचे का?" दादरचेच निघाले. मीही पाहत होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही. पुढे कळलं की हा गडी मुळात राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, आणि जन्म १९६५चा, तोही ग्लासगोचा. ऑफिसातल्या स्कॉटिश सहकाऱ्याला हे सांगून फोटो दाखवला. तो बराच वेळ फोटो बघून म्हणाला, "आमच्या हवेत असलं काही पिकत नाही."

त्या काळी उघड्या अंगाच्या पुरुषाचं चित्र राजरोस बघता येईल अशी जागा ठाण्यात एकच, व्यायामशाळा. चरईत आम्ही जायचो तिथे आत शिरताच मारुतीची तसबीर. काचेवर शेंदराचा ओघळ सुकलेला, खाली रुईच्या पानांची वाळकी माळ. तिच्याच शेजारी सेलोटेपने चिकटवलेला आर्नोल्ड श्वार्झनेगर, रुमालाएवढ्या चड्डीत, आणि त्याच्याखाली शर्ट काढलेला सलमान. शनिवारी उदबत्ती ओवाळली जायची तेव्हा ती तिघांनाही मिळायची. सर म्हणायचे, "याच्याकडे बघत सेट मारायचे." मी बघत मारले. प्रेरणेच्या नावाखाली पुरुषाने पुरुषाचं कितीही कौतुक केलेलं चालायचं. दंड बघ, छाती बघ, कंबर बघ कशी कातलीये. फक्त 'दिसायला सुंदर आहे' एवढंच म्हणायचं नाही, की सगळ्यांच्या माना वळायच्या.

ही शक्कल ठाण्याची नव्हे हे इथे आल्यावर समजलं. लॉस एंजेलिसमध्ये बॉब मायझर नावाच्या छायाचित्रकाराने १९५१पासून 'फिझीक पिक्टोरियल' नावाचं मासिक चालवलं. वरून शरीरसौष्ठवाचं आणि कलेचं, पण घेणारे बरेचसे आमच्यातले. अशा मासिकांना अमेरिकेचं टपाल खातं अश्लील म्हणून अडवायचं. अखेर तशाच काही मासिकांच्या खटल्यात १९६२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही अश्लील ठरत नाहीत, टपालाने जाऊ द्या. इंग्लंडातही १९६७पर्यंत पुरुषा-पुरुषांतले संबंध हा गुन्हाच होता. माझ्या ओळखीचे इथले एक गृहस्थ, आता ऐंशीकडे झुकलेत, तरुणपणी असली मासिकं आणायचे आणि आईने पाहिलंच तर दाखवायला म्हणून कोपऱ्यात डंबेल्सची एक जोडी ठेवायचे. ती कधी उचलली नाही म्हणतात. मी त्यांना आमच्या भिंतीवरच्या आर्नोल्डची गोष्ट सांगितली. त्यांना सगळं समजलं, फक्त मारुती कोण हे सांगण्यात संध्याकाळ गेली.

कॉलेजात हिरोचं नाव हे चाचपणीचं साधन झालं. समोरचा आपल्यातला आहे का, निदान बोलण्याजोगा तरी आहे का, हे सरळ विचारायची सोय नव्हती. मग लोकलच्या दारात उभं राहून, ऐरोलीकडे बघत, सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, "हृतिक काय दिसतो ना!" उत्तर "नाचतो भारी" असं आलं तर विषय बंद, परीक्षेचं बोला. "हो, दिसतो खरा" असं आलं आणि मागून कुठली शिवी किंवा थट्टा आली नाही, तर पुढच्या स्टेशनापर्यंत हळूहळू सरकता यायचं. २००८मध्ये 'दोस्ताना'त जॉन अब्राहम पिवळी चड्डी घालून मायामीच्या किनाऱ्यावर अवतरला तेव्हा ही चाचपणी फार सोपी झाली, कारण त्याच्याबद्दल सगळेच बोलत होते. त्या सिनेमात दोन हिरो भाड्याने घर मिळावं म्हणून गे असल्याचं सोंग करतात. आम्ही हसलोही पोटभर. तिकीट काढून ती चड्डी बघायला आम्हीही येणार हे बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक असणार, पण ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती. कायदाही तसाच धरसोडीचा. २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आमच्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून सोडवलं, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत अडकवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ला कायमचं मोकळं केलं. मी आईला सांगितलं ते त्यानंतर. बाबांना आईने सांगितलं. बाबांनी पेपर जरा वर धरला, तो अजून पूर्ण खाली आलेला नाही.

आता इकडची गोष्ट. मँचेस्टरला कालव्याच्या काठाने कॅनाल स्ट्रीट आहे, ती आमची आळी. तिथे आणि ऑफिसातसुद्धा कोण आवडतं हा प्रश्न लोक हवापाण्यासारखा विचारतात. पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी सवयीने 'बॉडी भारी आहे'छाप काहीतरी पुटपुटलो होतो.

इथल्या जुन्या मंडळींच्या तोंडी सगळ्यात जास्त नाव ऐकलं ते डेव्हिड बेकहमचं. २००२ साली हा इंग्लंडचा कप्तान, खेळायचा आमच्या मँचेस्टर युनायटेडकडून, आणि त्या वर्षी तो 'अ‍ॅटिट्यूड' या गे मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. प्रीमियर लीगच्या कुठल्याही फुटबॉलपटूने त्याआधी ते केलं नव्हतं. पुरुषही आपल्यावर भाळतात याचा त्याने संकोच केला नाही, उलट मान वाटतो असं सांगितलं. त्या वेळच्या फुटबॉलच्या स्टँडमधून काय काय ओरडलं जायचं ते ज्यांनी ऐकलंय, ते या फोटोबद्दल आजही हळवे होऊन बोलतात.

म्हणूनच २०२२मध्ये घाव वर्मी लागला. विश्वचषक कतारला, जिथे समलिंगी संबंध गुन्हा, आणि बेकहम त्या स्पर्धेचा सदिच्छादूत. जो लायसेट नावाच्या विनोदवीराने जाहीर केलं, स्पर्धा सुरू व्हायच्या आत करार सोड, मी १० हजार पौंड आमच्या लोकांच्या संस्थांना देतो. नाही सोडलास तर तेच पैसे कागद कापायच्या यंत्रात घालतो. बेकहम गप्प. ठरल्या दिवशी लायसेटने कॅमेऱ्यासमोर नोटा यंत्रात सोडल्या आणि देशभर आरडाओरडा झाला, महागाईच्या दिवसांत हा काय माज म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने उलगडा केला. नोटा खोट्या होत्या, खरे पैसे केव्हाच संस्थांना पोचले होते, आणि यंत्रात खरोखरचं काही कापलं गेलं असेल तर ते २००२चं ते मुखपृष्ठ, मासिकाला विचारून.

मला हा प्रकार थोडा नाटकी वाटला. पण हिशेब पटला. आपल्याकडे हिरोवर रागवायचं ते सिनेमा आपटला तर, किंवा त्याने दुसऱ्याच हिरोइनशी लग्न केलं तर. आमच्या प्रेमाचा तुला उपयोग झाला, आता आमच्यासाठी तोंड उघड, असं कुठल्या नटाला म्हणायचं आम्हाला ठाण्यात सुचलंही नसतं. त्याला आम्ही आहोत हेच मुळी माहीत नाही असं धरून चाललो होतो. आणि फार हुरळून जायलाही नको. एवढ्या श्रीमंत प्रीमियर लीगमध्ये खेळता खेळता 'मी गे आहे' म्हणालेला पुरुष खेळाडू हे लिहीपर्यंत तरी एकही नाही. बेकहमने मुखपृष्ठावर यायला हरकत नव्हती, कारण त्याच्या बोटात अंगठी होती आणि शेजारी व्हिक्टोरिया.

टॉम डेलीची गोष्ट वेगळी. हा पाण्यात सूर मारणारा पोरगा, १४व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१३च्या डिसेंबरात यूट्यूबवर स्वतःच सांगून मोकळा झाला की आपलं प्रेम एका पुरुषावर आहे. २०२१मध्ये टोकियोला मॅटी लीबरोबर सुवर्णपदक घेतलं, आणि मग प्रेक्षकांत बसून विणकाम करताना जगाने पाहिला. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने लोकरीची पिशवीही विणली, एका बाजूला ब्रिटनचा झेंडा, दुसऱ्या बाजूला जपानचा. मी तो फोटो आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, दंड दिसतील असा निवडून. आईने तो मोठा करून पाहिला आणि फोन केला. "हात चांगला बसलाय रे त्याचा. काठ मात्र सैल सोडतो." दंडांबद्दल अवाक्षर नाही. मग तिने शेजारच्या काकूंना दाखवला, मग भिशीत फिरला. आमच्या इमारतीत टॉम डेली हा 'तो विणणारा' म्हणून ओळखला जातो. त्याचा नवरा, त्याची मुलं, हे सगळं त्या बायकांनी टाक्यांच्या चर्चेत गिळून टाकलं. मला घरात सांगायला जेवढा घाम फुटला होता त्याच्या मानाने हे म्हणजे काहीच नव्हे.

एक तक्रार मात्र नोंदवतो. इथल्या दुकानांतली कॅलेंडरं, पबच्या जाहिराती, सगळीकडे तोच गोरा, गुळगुळीत, पंचविशीतला देह. आपल्यासारखा कुणी शोधायला गेलं की फिरून फिरून देव पटेल, तो हॅरोचा गुजराती. डेटिंगच्या अ‍ॅपवर तर 'आशियाई नकोत' असं लिहून बसलेले भेटतात. त्यातल्याच ग्राइंडरने २०२०मध्ये वंशावरून माणसं गाळायची सोय काढली, पण डोक्यातली गाळणी कोण काढणार? त्यामुळे हॉलिवूडच्या पेद्रो पास्काल या नटाची लाट आली तेव्हा मला फार बरं वाटलं. जन्म चिलीचा, पन्नाशीला टेकलेला, मिशीवाला, डोळ्यांखाली सुरकुत्या. आणि बहीण लक्स ट्रान्स आहे, तिच्या बाजूने हा माणूस उघड उभा राहतो. मिशीवरून आठवलं, इथे कुणी 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं नाव काढलं की मी लगेच पाचगणी मध्ये आणतो. सेंट पीटर्समध्ये शिकला, आमच्या साताऱ्याचं पाणी आहे ते. मित्र कंटाळलेत, पण मी सोडत नाही.

२०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या 'पीपल' मासिकाने इंग्रज नट जोनाथन बेलीला वर्षातला सर्वांत मादक पुरुष ठरवलं. १९८५पासून ते ही निवड करतात. उघडपणे गे असलेला हा पहिलाच. रविवारच्या फोनवर आईला सांगितलं. नेटफ्लिक्सवरच्या त्या इंग्रज उमरावांच्या मालिकेमुळे तिला तो चांगला माहीत होता.

"तो शर्मांचा जावई? हळद लागते ती मुलगी, तिचा?"

"हो, तोच."

"तो तुझ्यासारखा आहे?"

"हो."

"अगंबाई. मग तिच्याकडे बघताना काय डोळे करतो! काम छान करतो म्हणायचं." थोडं थांबून, "आणि आपल्याकडचा कोण?"

लेखक, दिग्दर्शक, वकील, फॅशनवाले, राजपीपळ्याचे राजपुत्र, सगळी नावं मी घेतली. आघाडीच्या हिरोचं एकही घेता आलं नाही.

"एवढ्या सगळ्यांत एकसुद्धा नाही?"

"असेल-नसेल, मला काय माहीत आई. कुणी सांगितलं नाहीये एवढं खरं."

"बरं," आई म्हणाली, "ते जाऊ दे. त्या विणणाऱ्याचे लोकरीचे संच मिळतात ना तिकडे? काकूंच्या सुनेने फोनवर दाखवलं. एक आण येताना. आणि जाड लोकर नको, ठाण्यात कुठे थंडी पडते."

संचाची किंमत बघितली. आईला रुपयांत सांगणार नाहीये.