पांगुळाची चाल

फलटण ते बरड या वाटचालीबद्दल मला कुणी विचारलं, तर पालखीचं काहीच सांगता येणार नाही. त्याआधीच्या चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणाचंही नाही, गर्दीत अश्वाची नुसती शेपटी दिसली. बरडच्या दिवशी मी फक्त माझे मोजे पाहिले.

मला किमोत पॅक्लिटॅक्सेल होतं. त्यानं तळपायांच्या नसा बधिर झाल्या. जमीन लागतच नाही, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाल्या, "जा वारीला, पण रोज रात्री तळवे आरशात बघायचे." आदल्या रात्री बघितले होते, काही नव्हतं. दुपारी ऊन असं की डांबर चिकटत होतं, पावसाचा पत्ता नाही, आणि आमच्या दिंडीचा टँकर पुढे निघून गेलेला. शेजारची एक शहाणी मला गोमूत्राचे फायदे सांगत होती. माउलींच्या वाटेवर असं मनात येऊ नये, पण तिच्या तोंडात टाळ कोंबावा असं वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी पदर ओढला. "अगं माय, रगत यायलंय की पायातून!"

डाव्या सँडलमधला मोजा लाल झाला होता. मला पत्ता नाही. परभणीकडची मावशी, दुसऱ्याच दिंडीतली. तिनं मला बाभळीखाली बसवलं आणि सरळ पाय मांडीवर घेतला. डाव्या पायाचा फोड फुटला होता, तो बाटलीतल्या पाण्यानं धुऊन पंचाच्या चिंधीनं बांधला. उजव्या टाचेवर दुसरा, टरारलेला. पिशवीतून सुई-दोरा काढला, सुई काडीवर तापवली, फोडाच्या एका अंगानं घालून दुसऱ्या अंगानं काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपायला लागलं. माझ्या डॉक्टरांनी बघितलं असतं तर भोवळच आली असती.

"दुखंना का?"

"नाही." मग कारण सांगावं लागलं.

"माझी जाऊ बी त्यानंच गेली," ती म्हणाली आणि दोऱ्याची टोकं सारखी करत राहिली.

मला फार बरं वाटलं. वर्षभर मला जो तो फक्त बऱ्या झालेल्या बायकांच्या गोष्टी सांगत होता. लढा, हिंमत, सकारात्मक विचार. कसली लढाई? मी खुर्चीत बसून सलाइनचे थेंब मोजत होते. दवाखान्यात आमच्यासाठी चित्रकलेचा तासही होता. एका बाईंनी तिथे वह्याच्या वह्या भरल्या आणि त्या खरंच हसायला लागल्या. माझ्या बोटांत रंगखडूच राहायचा नाही.

माझं काम झालं ते पहाटेच्या भजनात. वासुदेव, आंधळे, पांगुळ, मुका, बहिरा ही अभंगांची सगळी माळ माहेरी लहानपणापासून कानावर. तेव्हा वाटायचं, ही धडधाकट माणसं उगाच पांगळ्याचं सोंग का घेतात? तुकोबांचा पांगुळ देवाला सांगतो की हात नाहीत, पाय नाहीत आणि ज्याच्यावर बसलोय तेच सैराट सुटलंय. यंदा आळंदीतून निघाल्यावर ते म्हटलं, तर अध्यात्म नंतर, आधी माझा रिपोर्टच दिसला. आणि तो शंभर माणसं टाळ वाजवत, पावली घालत म्हणत होती. एकही जण मला धीर देत नव्हता.

हे मावशीला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मला पांगुळ आवडतो.

"म्हण मग."

म्हटला. दुसऱ्याच ओळीला तिनं मला थांबवलं. "अशी नस्ती चाल. किती घाई! पांगळं माणूस पळतंय का?" माझा पाय तिच्या मांडीवर, आणि ती माझी चाल दुरुस्त करतेय! राग आला. आमच्याकडे अशीच म्हणतात म्हटलं, तर म्हणाली, "तुमच्याकडं चुकतंय." मग स्वतः म्हणून दाखवला, इतका संथ की मधे एक अख्खी दिंडी पुढे गेली. ओळीच्या शेवटी ती आवाज टेकवायची, काठी टेकवावी तसा. नाव विचारायचं राहिलं. "चल माउली" म्हणून ती पदर खोचून तिच्या पताका गाठायला गेली.

रात्री समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला, सगळे टाळ थांबले. आमच्या दिंडीचे वाजतच राहिले. तक्रार असली की टाळ थांबवायचे नसतात, आणि आमची तक्रार टँकरची. मीही जोर काढून वाजवले.

दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसा असा सगळ्यांचा आग्रह. मी हळूहळू का होईना, चाललेच. पांगुळ आला तेव्हा मी मावशीच्या चालीत उचलला. पखवाज अडखळला. विणेकरी बुवा मागे वळले. "ताई, ही चाल आपल्या फडाची नाही."

"माहितीये," म्हटलं, आणि पुढचं चरण घेतलं.