भंगारातला प्रोसेसर कूलर आणि क्लास ए अँप्लिफायर : सहा महिन्यांची नोंद

जॉन लिन्सले हूड यांनी एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात मांडलेला दहा वॅटचा क्लास ए अँप्लिफायर मी गेल्या नोव्हेंबरपासून बांधतो आहे. प्रत्येक चॅनेलला अवघे चार ट्रान्झिस्टर लागत असल्यामुळे मंडल (सर्किट) जोडायला एक रविवार पुरला. त्यानंतरचे सगळे महिने गेले ते उष्णतेच्या मागे. आठ ओहमच्या स्पीकरसाठी या मंडलाला २७ व्होल्टचा पुरवठा आणि सुमारे १.२ अँपिअरचा बायस करंट (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला प्रवाह) लागतो, म्हणजे गाणे वाजत असो वा नसो, एक चॅनेल सतत ३२ वॅट उष्णता बाहेर टाकत राहतो. एवढी उष्णता पंख्याशिवाय निभावेल असे हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) बाजारात मिळते, पण त्याचे वजन आणि किंमत पाहिल्यावर मी जुन्या बाजाराची वाट धरली आणि बुधवारच्या एका फेरीत इंटेलचे एलजीए ७७५ सॉकेटचे, म्हणजे संगणकाच्या जुन्या प्रोसेसरांसाठीचे, दोन गोल कूलर घेऊन परतलो.

ही कल्पना नवीन नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही प्रोसेसरचा कूलर आणि क्लास ए यांचे जितके जमते तितके त्याचे क्लास एबीशी (शांततेत थोडाच प्रवाह घेणाऱ्या अँप्लिफायरशी) जमत नाही, असे माझे मत झाले आहे. क्लास एबीमध्ये उष्णता आवाजाबरोबर वरखाली होते आणि साइन लहरीवर मोजल्यास पूर्ण क्षमतेच्या सुमारे ४० टक्के पातळीवर ती सर्वाधिक असते. घरात ऐकताना आपण त्या पातळीच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे तिथे पंखा बहुतेक वेळ उगाचच फिरतो. क्लास एमध्ये मात्र भार पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकसारखा असतो आणि हा कूलर ६५ वॅटच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरला सांभाळण्यासाठी बनवलेला असल्याने ३२ वॅट ही त्याच्या दृष्टीने निम्मी मजुरी ठरते. वहीवरचे गणित इतके सोपे होते. प्रत्यक्ष काम तितके सोपे निघाले नाही.

पहिली अडचण बसण्याच्या जागेची. प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या झाकणातून कूलरच्या मध्यभागी शिरते आणि गोल कूलरची सगळी रचना त्या मध्यभागासाठी केलेली असते : मधे तांब्याचा गाभा आणि त्याभोवती सूर्यकिरणांसारखी पसरलेली अ‍ॅल्युमिनियमची पाती. माझ्या कूलरमधल्या गाभ्याचा व्यास व्हर्निअरने मोजला तेव्हा तो ३० मिलिमीटरच्या आसपास भरला. या अँप्लिफायरमध्ये अनेक जण वापरतात तो २एन३०५५ ट्रान्झिस्टर टीओ-३ या धातूच्या डबीत येतो आणि त्याचे पाय तळातून निघत असल्यामुळे हीटसिंक आरपार भोसकावा लागतो, जे इथे शक्यच नव्हते. म्हणून मी टीओ-२४७ या सपाट आकारातले टीआयपी३०५५ घेतले. तेही दोन शेजारी ठेवल्यावर रुंदी ३२ मिलिमीटर होते आणि दोन्ही कडा गाभ्याबाहेर लोंबकळतात. शिवाय कूलरमध्ये स्क्रूसाठी आटे पाडायचे तर गाभ्याच्या तांब्यात ड्रिल घालावे लागणार, आणि तांबे बिटाला कसे चिकटते हे ज्याने अनुभवले आहे तो ते काम आनंदाने अंगावर घेणार नाही.

यावर उपाय म्हणून मधे एक पाटी घातली. अ‍ॅल्युमिनियमची ९० बाय ९० मिलिमीटरची, सहा मिलिमीटर जाडीची पाटी फॅब्रिकेशनच्या दुकानातून कापून आणली आणि तिच्या चार कोपऱ्यांत ७२ मिलिमीटर अंतरावर छिद्रे पाडली, कारण एलजीए ७७५ च्या मदरबोर्डवरची चार भोके त्याच अंतरावर असतात. कूलरच्या पायांतल्या प्लास्टिकच्या खुंट्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी स्प्रिंग घातलेले स्क्रू बसवले आणि पाटीच्या दुसऱ्या अंगाला ट्रान्झिस्टरसाठी तीन मिलिमीटरचे आटे पाडले. या पाटीचे मोल मला आधी कळले नव्हते. दोन छोट्या चौकटींतून निघणारी उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचण्याआधी पाटीतच पसरते. तीन मिलिमीटरच्या पातळ पत्र्यावर करून पाहिलेल्या पहिल्या चाचणीत ट्रान्झिस्टरजवळचे तापमान आठ अंशांनी जास्त आले होते. कूलर बदलून जेवढा फरक पडला नसता तेवढा पाटीची जाडी वाढवून पडला.

पाटी आणि कूलर यांचे तळ एकमेकांवर सपाट बसतात की नाही, हे पोलादी फूटपट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिल्यास लगेच समजते. माझ्या कूलरचा तळ मध्यभागी किंचित फुगीर होता. खिडकीची जाड काच पालथी घालून तिच्यावर चारशे, मग आठशे नंबरचा वॉटर पेपर ठेवला, साबणाचे पाणी टाकले आणि कूलर इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहिलो. अर्ध्या तासाने तांब्याचा गाभा आणि भोवतालचे अ‍ॅल्युमिनियम यांची चमक सारखी दिसू लागली, तेव्हा थांबलो. त्यावर नेहमीची पांढरी पेस्ट अगदी पातळ लावली. महागड्या करड्या पेस्टने इथे एखाद्या अंशापलीकडे काही हाती लागेल असे मला वाटत नाही.

डिसेंबरच्या शेवटी पहिल्यांदा वीज दिली आणि लगेच फ्यूज उडाला. या मंडलात दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एनपीएन, म्हणजे एकाच जातीचे, आहेत. वरच्याचा कलेक्टर (ट्रान्झिस्टरच्या तीन टोकांपैकी एक) २७ व्होल्टवर आणि खालच्याचा कलेक्टर स्पीकरकडे जाणाऱ्या बिंदूवर, म्हणजे साडेतेरा व्होल्टच्या आसपास असतो, आणि ट्रान्झिस्टरची धातूची पाठ कलेक्टरलाच जोडलेली असते. एकाच पाटीवर दोघांना बसवायचे तर प्रत्येकाखाली वीज अडवणारा अभ्रक हवाच, आणि तो मी घातलाही होता. पण आटे पाडल्यावर छिद्राच्या ओठावर उरलेली केसाएवढी बर (धातूची कुसळ) मी बोटाने चाचपली नव्हती, तिने अभ्रक भेदला. तेव्हापासून प्रत्येक छिद्राच्या तोंडावर मोठा बिट हाताने दोन फेरे फिरवतो आणि वीज देण्याआधी पाटी व कलेक्टर यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पाहतो. टीओ-२४७ च्या स्क्रूचे छिद्र प्लास्टिकमधून जात असल्यामुळे त्याला वेगळी बुशिंग (स्क्रूभोवतीची वीजरोधक नळी) लागत नाही, एवढा एक दिलासा.

आता पंखा. मूळ पंख्याला चार तारा होत्या : काळी भूमीची (ग्राउंड), पिवळी बारा व्होल्टची, हिरवी वेग सांगणारी आणि निळी वेग ठरवणारी. निळी तार मोकळी सोडली की पंखा पूर्ण वेगाने फिरेल अशी माझी समजूत होती. इंटेलच्या या डबाबंद कूलरमध्ये तसे होत नाही. त्याच्या मध्यातल्या थर्मिस्टरला आत येणारी हवा किती गरम आहे हे कळते आणि निळी तार रिकामी असली की तोच वेग ठरवतो. परिणाम असा झाला की जानेवारीच्या सकाळी शांत असलेला पंखा, पेटीचे झाकण लावल्यावर आतली हवा तापली की हळूहळू शिट्टी मारू लागे. आपल्याला हवा तो वेग आपण ठरवावा म्हणून शेवटी मोटर धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या पकडीने कापल्या, पायांसकट बाहेरची कडी तशीच ठेवली आणि तिच्यावर तीन तारांचा ९२ मिलिमीटरचा पंखा चार स्पेसरवर उभा केला. दिसायला ओबडधोबड आहे, पण कडी शाबूत राहिल्यामुळे कूलर पाटीवर दाबून धरण्याची मूळ सोय वाया गेली नाही.

या पंख्यावर घेतलेली मापे अशी आहेत. खोलीचे तापमान ३० अंश, भार ३२ वॅट, तापमापक पाटीत पाडलेल्या आंधळ्या छिद्रात पेस्ट घालून बसवलेला. बारा व्होल्टवर पाटी खोलीपेक्षा १७ अंशांनी तापली, सातवर २२ अंशांनी आणि पाचवर २८ अंशांनी. बारावरून पाचवर उतरल्याने ११ अंशांचा तोटा झाला, पण आवाजातला फरक कानाला इतका मोठा आहे की हा सौदा करायला माझी एका क्षणाचीही हरकत नव्हती. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हे सूत्र इथे कानाने पटते. अभ्रकावर प्रत्येक ट्रान्झिस्टरमागे सुमारे ८ अंश आणि ट्रान्झिस्टरच्या आत २२ अंश धरले, तर मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारीही पाच व्होल्टवर आतला सिलिकॉन शंभराच्या खाली राहतो आणि त्याची मर्यादा १५० आहे. मात्र एका थंड सकाळी पाच व्होल्टवर पंखा सुरूच झाला नाही, नुसता थरथरत राहिला, म्हणून आता पुरवठा सहा व्होल्टवर ठेवला आहे आणि तिथे तापमानवाढ २५ अंश येते.

पंखा पूर्ण बंद ठेवूनही एकदा पाहिले. सत्ताविसाव्या मिनिटाला पाटी ८५ अंशांवर गेली आणि चढतच होती, तेव्हा मी वीज तोडली. या कूलरची पाती एकमेकांना इतकी खेटून आहेत की पंख्याने ढकलल्याशिवाय त्यांच्यातून हवा वाहत नाही. आपोआप वर चढणाऱ्या हवेसाठी पात्यांमध्ये आठ-दहा मिलिमीटरची फट लागते. म्हणून ‘एवढा मोठा कूलर आहे, पंख्याशिवायही चालेल’ हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

यानंतर आली भुणभुण. पंख्याला मी सुरुवातीला अँप्लिफायरच्याच २७ व्होल्टवरून रेझिस्टर लावून वीज दिली होती आणि स्पीकरला कान लावला की शंभर हर्ट्झच्या आसपासचा बारीक आवाज ऐकू येई. पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरचा हमही आपल्याकडे शंभर हर्ट्झचाच असल्याने मी दोन आठवडे फिल्टरचे कपॅसिटर वाढवत बसलो. शेवटी सहज पंख्यावर बोट टेकवून तो मंद केला, तर आवाजाचा सूरही खाली उतरला. विजेच्या हमला बोटाने उतरवता येत नाही. चार ध्रुवांची मोटर एका फेऱ्यात चार वेळा प्रवाह उलटवते आणि मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला पंचवीसवर, त्याचे बरोबर शंभर झटके होतात. तेच पुरवठ्यातून आत शिरत होते. आता पंख्यासाठी नऊ व्होल्टचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि एलएम३१७ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप आहे, आणि त्याची भूमी अँप्लिफायरच्या भूमीला कुठेच जोडलेली नाही. भुणभुण गेली.

वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचा दुसराही उपयोग झाला. पाटीवर ७५ अंशांना उघडणारा केएसडी३०१ जातीचा थर्मल स्विच बसवला असून तो मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत (घरच्या विजेकडच्या वेटोळ्यात) घातला आहे. तो उघडला की अँप्लिफायर बंद होतो, पण पंखा फिरत राहतो. पंखा पेन्सिलीने अडवून चाचणी घेतली तेव्हा ५५ अंशांवरून ७५ वर जायला दहा मिनिटे लागली. चार किलोच्या जाड हीटसिंकला याच्या कितीतरी पट वेळ लागला असता, कारण कूलर आणि पाटी मिळून पाचशे ग्रॅमच धातू आहे. हाच हलकेपणा दुसऱ्या बाजूने सोयीचाही ठरतो : बायस करंट थंडीतल्या १.०५ अँपिअरवरून १.२ वर येऊन वीस मिनिटांत स्थिरावतो आणि मग तासभर वाट न पाहता प्रीसेट (बायस ठरवणारा छोटा रेझिस्टर) लावता येतो. थर्मल स्विच थंड झाल्यावर स्वतःहून पुन्हा जुळतो आणि त्या वेळी स्पीकरमध्ये धप्प आवाज होतो, ते मला पसंत नाही. बटण दाबल्याशिवाय न जुळणारा प्रकार आणून ठेवला आहे.

उभ्या टॉवरचे, हीट पाइपवाले कूलर वापरावेत का, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उष्णता वाहून नेण्यात ते सरस आहेत यात शंका नाही, पण त्यांच्या तळाला भोक पाडण्यापूर्वी नळ्या कुठून जातात हे पाहावे. कोल्हापूरच्या माझ्या एका मित्राचे ड्रिल नळीत शिरले. आतून पाण्याचा जेमतेम एक थेंब आला, त्यामुळे त्याला फार बिघडले असे वाटले नाही. त्या नळीत हवा काढून टाकलेल्या पोकळीतले थोडेसे पाणीच एका टोकाला उकळून दुसऱ्या टोकाला थंड होत असते, आणि हवा आत शिरली की नळी म्हणजे साधी तांब्याची पातळ पुंगळी उरते. ज्यांच्या तळाला नळ्या उघड्याच घासून बसवलेल्या असतात, त्या कूलरवर एकेकटा ट्रान्झिस्टर ठेवला तर तो एक-दोन नळ्यांवरच बसतो आणि बाकीच्या रिकाम्या राहतात. तिथेही मधे पाटी हवीच.

डावा चॅनेल अशा रीतीने पूर्ण झाला आहे आणि रोज तीन-चार तास वाजतो. उजव्याची पाटी मागच्या आठवड्यात तयार झाली, मंडल जोडले आणि त्याच सहा व्होल्टवर तापमानवाढ २५ ऐवजी ३४ अंश आली. पेस्ट दोनदा पुसून पुन्हा लावली, अभ्रक बदलला, स्क्रू तपासले, तरी आकडा हलेना. मग दोन्ही कूलर उलटे करून शेजारी ठेवले तेव्हा दिसले की दुसऱ्याच्या मध्यभागी तांबे नाहीच, नुसते अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि त्याची उंचीही बारा मिलिमीटरने कमी आहे. एलजीए ७७५ साठी इंटेलने उंच आणि ठेंगणे, तांब्याचे आणि बिनतांब्याचे असे दोन्ही प्रकार दिले होते. जुन्या बाजारात दोन्हींवर पंखे बसवलेले होते आणि मी फक्त वरून पाहिले होते. येत्या रविवारी खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाणार आहे.