तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतलं आभाळ कुठं जातं?

लग्नाच्या मांडवात, आठवडी बाजारात, कधी एसटीत शेजारी बसलेला माणूसही मला हेच विचारतो. "बाहेर फोटो काढला की आमचं आभाळ पांढरंफटक पडतं. आभाळ सांभाळावं तर माणूस काळा पडतो. तुमच्या फोटोत दोन्ही कसं येतं?" उभ्या उभ्या मी "फ्लॅश वापरा" एवढंच सांगतो. ते अर्धंच उत्तर आहे. आज पूर्ण सांगतो.

मला हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या मामांनी विचारला. परभणी जिल्ह्यातल्या मानवतजवळच्या एका गावात त्यांची कोरडवाहू जमीन आहे. मृग लागला होता, वर आभाळ दाटलं होतं आणि मामा तिफणीला हात लावून उभे होते. मी फोटो काढला. चेहरा सुरेख आला, म्हणून मी हौसेनं स्क्रीन दाखवली. मामा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मी बरा आलोय. पण हे तं उन्हाळ्यातलं वाटायलंय. आभाळ कुठं गेलं?"

आपल्याकडं 'आभाळ आलंय' म्हणजे ढग आलेत. नुसत्या निळ्या पोकळीला कुणी आभाळ आलं म्हणत नाही. त्या दिवशी मामांच्या डोक्यात पेरणीशिवाय दुसरं काही नव्हतं आणि फोटोत नेमकं तेच नव्हतं. मला ते फार लागलं.

झालं काय होतं, तर ढगाळ दिवशी उजेड देणारी वस्तू म्हणजे आभाळच, आणि मुंडाशाखालचा चेहरा त्याच्यापेक्षा तीन-चार स्टॉपनं अंधारात. स्टॉप हे उजेडाचं माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. तीन स्टॉप म्हणजे आठपट, चार म्हणजे सोळापट. आपली नजर वर गेली की वरच्याशी जुळवून घेते, खाली आली की खालच्याशी. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच माप धरता येतं. त्याचं उजेड मोजणारं मीटर तर समोर काहीही असो, त्याला मधल्या करड्या रंगाचं, अठरा टक्के उजेड परतवणारं समजतं. मी मामांच्या चेहऱ्यावर मीटर लावलं होतं, त्यानं चेहरा उचलला आणि ढग उडवले. त्यात आपली जमीन काळी. रेताड किंवा पांढऱ्या मातीवरून हनुवटीखाली थोडा तरी उजेड परत येतो. काळी माती तो गिळून टाकते.

उडालेले ढग परत आणता येत नाहीत. सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवरचा, ठिपका एकदा काठोकाठ भरला की त्यात कुठल्याच छटेची नोंद उरत नाही. अंधारातल्या भागात मात्र काहीतरी असतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची नोंद, असेल तर फोटोत थोडे दाणे सोसून ते वर काढता येतं. म्हणून मी आधी आभाळ सांभाळतो.

माणसाला थोडं बाजूला उभं करतो. कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळी मापं आपल्या हातात. आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलचा हळवेपणा, १००. शटर सेकंदाचा १/२०० भाग उघडं. आभाळाचा एक फोटो काढायचा आणि जास्त उजळ भाग स्क्रीनवर लुकलुकतात ते बघायचं. लुकलुकणं थांबेपर्यंत ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बारीक करत जायचं. एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक. मृगाच्या ढगांना साधारण एफ/८ ते एफ/११ लागतो. मग माणसाला जागेवर बोलवायचं. आता तो जवळजवळ काळी सावली दिसेल. दिसू द्या, घाबरू नका. फ्लॅश आता लावायचा.

इथली एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं. फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की शटर किती वेळ उघडं आहे याचा त्याला फरक पडत नाही. आभाळाला मात्र पडतो. म्हणजे आभाळ गडद-फिकट करायला शटर, आणि चेहरा सांभाळायला फ्लॅशची ताकद आणि अंतर. ॲपर्चर हलवलं तर दोन्ही हलतात. फक्त शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढं नेलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोवर काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरसाठीची फ्लॅशची सोय, वापरली तर तो टळतो, पण फ्लॅशचा जोर फार कमी होतो. अंतराचा हिशोबही डोक्यात ठेवा. फ्लॅश दुप्पट लांब गेला की उजेड चौथाईवर येतो. मी उजेड मऊ करणारी छत्री लावून तो माणसापासून चार-पाच फुटांवर, थोडा वर आणि बाजूला धरायला लावतो. स्टँडवर भरवसा ठेवू नका. जूनचं वारं छत्रीसकट स्टँड पाडतं.

फ्लॅशचा जोर मी जरा कमीच ठेवतो. पुरता मारला तर माणूस आभाळावर कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि मला मनापासून एक सांगायचंय. पुष्कळ लोक म्हणतात, चेहरा अजून उजळ करा. उन्हातान्हात रापलेला माणूस फोटोत गोरा करायला मला आवडत नाही. तो रंग त्याचा आहे. सावळ्या चेहऱ्यावर कपाळाची, गालाच्या हाडाची चमक तेवढी पकडा, चेहरा आपोआप जिवंत होतो.

फ्लॅश नसेल तर चेहऱ्यावर उजेड परतवायला रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलचा पांढरा पत्रा, धुतलेलं धोतर, काहीही चालतं. मी पाहिलेला सगळ्यांत सुंदर रिफ्लेक्टर म्हणजे वेचलेल्या कापसाचा ढीग. त्याच्या कडेला माणूस उभा करा, खालून इतका मऊ उजेड येतो की डोळ्यांखालच्या सावल्या विरघळतात. सोयाबीनच्या ढिगावरच्या निळ्या ताडपत्रीपासून मात्र लांब राहा. हनुवटी निळी पडते आणि ते दुरुस्त करायला जीव जातो.

मे महिन्यातल्या दुपारी मी फोटो काढत नाही. आपल्या अक्षांशांवर मेच्या मध्याच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात आणि धुरकट आभाळात बघण्यासारखंही काही नसतं. अशा वेळी आभाळाचा हट्ट सोडावा. माणसाला ढाळजेत बसवा, तोंड बाहेर, पाठीमागं घरातला अंधार. अर्ध्या तासाची खटपट वाचते.

आभाळ नंतर बदलून चिकटवता का, असंही विचारतात. मी नाही चिकटवत, पण ती युक्ती आजची नाही. पूर्वी फोटो काचेवर ओला रासायनिक थर देऊन काढत. त्या प्लेटा निळ्या उजेडाला फार हळव्या असत, त्यामुळं आभाळ कोरं निघे. गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकारानं १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आभाळ दुसऱ्यावर घेऊन दोन्ही एकत्र छापले. तुमचा मोबाइलही अनेक फोटो जोडून असंच काहीतरी करतो. कधी कधी टोपीभोवती उजळ कड राहते, ती त्याचीच.

मामांचा फोटो मी दोन वर्षांनी परत काढला. फ्लॅश सोबत होता, पण पिशवीतून काढावाच लागला नाही. संध्याकाळी पाचनंतर उगवतीला काळंकुट्ट आभाळ चढलं आणि मावळतीला ढगांखालून ऊन आलं. अशा वेळी उलटं होतं, चेहऱ्यावरचा उजेड आभाळापेक्षा जास्त असतो. हे पंधरा-वीस मिनिटंच टिकतं. मी मावळतीकडं पाठ केली, मामांना समोर उभं केलं, चेहऱ्यावर मीटर लावलं आणि एकाच मापात दोन्ही आलं. मागचं आभाळ शाईसारखं, मुंडासं पिवळसर, तिफणीच्या लाकडाच्या रेघासुद्धा मोजाव्यात इतक्या स्पष्ट. मामांना स्क्रीन दाखवायला गेलो तेवढ्यात पहिले थेंब पडले. कॅमेरा खताच्या रिकाम्या पिशवीत कोंबून आम्ही गोठ्याकडं पळालो.