हिने कधी काही त्रासच दिला नाही

मागच्या वर्षी, वयाच्या ३७व्या वर्षी मला ऑटिझमचं डायग्नोसिस मिळालं. त्याआधी अकरा वर्षं अँझायटी आणि मधेमधे डिप्रेशन या नावाने औषधं, काउन्सेलिंग सगळं झालं. ते चुकीचं होतं असं नाही म्हणणार मी, अँझायटी होतीच, पण ती रोज एवढी येते कुठून हे कुणी विचारलं नाही आणि मलाही ते सांगता आलं नसतं.

शाळेत मी शांत, अक्षर छान, मधल्या सुट्टीतसुद्धा पुस्तकात डोकं. एखादा मुलगा दिवसभर फक्त रेल्वे इंजिनांबद्दल बोलत राहिला तर मोठ्यांच्या लक्षात येतं, मुलगी तेच पुस्तक वीस वेळा वाचते तेव्हा तिला वाचनाची आवड असते. मैत्रीण एकच होती. ती हसताना मान कशी वळवते, 'हो का?' नेमकं कधी म्हणते हे मी बघून बघून उचललं, घरी आरशासमोर करून पाहायचे. आजही फोन करायच्या आधी पहिली तीन वाक्यं कागदावर लिहिते आणि पलीकडच्याने भलतीच सुरुवात केली की हातातला कागद तसाच राहतो आणि मला काही सुचत नाही. याला मास्किंग म्हणतात हे फार उशिरा कळलं. दिवसभर हे केलं की संध्याकाळी मी लाइट न लावता बाथरूमच्या फरशीवर बसून राहायचे, कुणी हाक मारली तरी तोंडातून शब्दच निघायचा नाही. तो शटडाउन असायचा, घरच्यांना वाटायचं रुसलीये.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, तो शब्द मला आजही टोचतो. मी स्वतःत मग्न कधी होते? माझं सगळं आयुष्य समोरच्याचा चेहरा वाचण्यात गेलं, मला भूक लागलीये हेसुद्धा हात थरथरायला लागले की कळायचं.

पहिल्यांदा मी स्वतःहून हा विषय काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्ही तर छान डोळ्यांत बघून बोलताय, नोकरी करताय, तुम्हाला कसला ऑटिझम? मी तेव्हा त्यांच्या दोन भुवयांच्या मधे बघत होते. नेहमी तिथेच बघते.

नंतर वाचत गेले तसं कळलं की ऑटिझमचं चित्रच मुलग्यांवरून काढलेलं होतं. ऑटिझमबद्दल सुरुवातीला लिहिणाऱ्या डॉक्टरांपैकी लिओ कॅनर यांच्या १९४३च्या निबंधात ११ मुलं होती, त्यात मुली फक्त ३, आणि हान्स आस्परगर या दुसऱ्या डॉक्टरांनी १९४४ मधे ज्या चौघांचं वर्णन केलं ते चौघंही मुलगे. खरं तर ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी १९२०च्या दशकातच मुलींबद्दलही लिहून ठेवलं होतं, पण ते कुणी फारसं वाचलंच नाही, याचा मला अजूनही राग येतो. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण वर्षानुवर्षं सांगत आले, २०१७ मधे ५४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ते तीनास एकच्या जवळ निघालं आणि मुलींचं निदान राहून जातंय असं त्या संशोधकांनीच म्हटलं. २०१३च्या डीएसएम-५ मधे, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन नियमपुस्तकात, तर स्पष्ट लिहिलंय की लक्षणं लहानपणापासून असली तरी पुढे शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. म्हणजे नियम आहे, तो वापरणारा माणूस भेटायला हवा.

मला भेटल्या. त्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी तीन वेळा बोलावलं, आणि 'हे जमतं का' असं न विचारता 'हे केल्यावर पुढचे दोन दिवस कसे जातात' असं विचारलं, मी तिथेच रडले. लहानपणाबद्दल विचारायला त्यांनी आईलाही बोलावलं होतं. आई म्हणाली, आमची फार शहाणी होती हो, हिने कधी काही त्रासच दिला नाही. मला वाटलं संपलं सगळं.

त्याच रात्री आईचा फोन आला. म्हणाली, अगं, तुझ्या प्रत्येक फ्रॉकचं लेबल मी कापून टाकायचे आणि तरी तू तो उलटा करून घालायचीस, शिवण टोचते म्हणून, घरात कुकर लावायच्या आधी तुला सांगावं लागायचं, नाहीतर शिट्टीला कपाटात जाऊन बसायचीस. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, हे पण सांगायचं असतं का गं त्यांना?