आमची वाटचाल : पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे

2011 साली आम्ही नवराबायकोने मेरिलँडमध्ये कंपनी काढली, तेव्हा मनातला हिशेब अगदी सरळ होता. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या धाकट्या भावाचे माग. तिथला टेरी टॉवेल इकडे आणायचा आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारला विकायचा. लष्करी तळ, माजी सैनिकांची रुग्णालयं, वनविभागाचे मुक्काम, टॉवेल-चादरी सगळीकडे लागतातच. शिवाय कंत्राटांच्या एकूण रकमेतले 23 टक्के छोट्या उद्योगांना जावेत, असं इथलं सरकारी उद्दिष्ट आहे. मला वाटलं, हे काम आपल्यासाठीच आहे.

सरकारी खरेदीत नवख्यांना फुकट सल्ला देणारी केंद्रं इथे असतात. तिथल्या बाईंनी आमची फाईल उघडलीसुद्धा नाही. एकच प्रश्न विचारला, "माल बनतो कुठे?"

भारतात, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. जीएसए हे सरकारी खात्यांची खरेदी सांभाळणारं केंद्रीय खातं, आणि जीएसए शेड्यूल म्हणजे त्याने ठरवलेल्या दरांची यादी. त्या यादीतल्या मालाला 1979 चा व्यापार करार कायदा लागू होतो, आणि त्या कायद्याने मान्य केलेल्या देशांत भारत नाही. लष्कराच्या मोठ्या कापड खरेदीला तर 1941 पासूनची 'बेरी दुरुस्ती' ही कायद्यातली अट आहे. तिथे टॉवेलचा कापूससुद्धा अमेरिकेतलाच हवा. लहान खरेदीतही 1933 चा स्वदेशी खरेदीचा कायदा परदेशी मालाला मागे ढकलतो.

रात्री भावाला फोन केला. बांगलादेश आणि नेपाळ अल्पविकसित देश म्हणून त्या मान्य यादीत आहेत, हेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, बांगलादेशचा चालतोय आणि आपला चालत नाही व्हय?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो कंटेनर भरायच्या तयारीत होता.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून शाळेत गेलेला मी. स्वदेशी हा शब्द आमच्या घरात देवघराइतकाच जवळचा. दुसऱ्या देशानेही आपल्या मागवाल्यांसाठी तोच शब्द कायद्यात घातला आहे, हे कळल्यावर राग ओसरला. वाईट मात्र आजही वाटतं.

मग आम्ही अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातली एक छोटी गिरणी शोधली. आत पाऊल टाकताच तोच मागांचा खडखडाट, हवेत तीच कापसाची तूस. मालकाला सरकारी कागदांचा कंटाळा होता, आम्हाला मालाची गरज होती. हातमिळवणी झाली.

पहिली ऑर्डर एका लष्करी तळावरच्या वसतिगृहाची, 1,200 टॉवेल. किंमत देताना 'पोच ठिकाणापर्यंत' ही अट मी वाचली होती, पण तिचं वजन कळलं नव्हतं. माल तळाच्या आत उतरेपर्यंतचं भाडं आणि जोखीम दोन्ही आपल्याकडे. ट्रक फाटकावर पोचला, पण आधी वेळ घेतलेली नव्हती आणि चालकाचं नाव पहाऱ्याच्या यादीत नव्हतं. गाडी परत. दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रक, दुसरं भाडं. नफा तिथेच संपला, उलट खिशातून गेले. पण माल ठरल्या तारखेला उतरला. चार महिन्यांनी त्याच तळाच्या खरेदी अधिकाऱ्यांनी स्वतःहून दर मागवला. इथे मागच्या कामाची नोंद पुढचं काम देते, हे मी तेव्हा पाहिलं.

त्यानंतर कागद वाचायचं काम बायकोने घेतलं. ती पूर्वी बँकेत होती. निविदा साठ पानांची असली तरी शेवटच्या पानापासून सुरू करते, कारण अडवणारी कलमं मागे दडलेली असतात असा तिचा अनुभव. बिलातला एक ओळ-क्रमांक चुकला की बिल परत येतं, आणि पैसे देण्याची 30 दिवसांची मुदत बिनचूक बिल मिळाल्यापासून मोजली जाते. पहिल्या वर्षी आमची तीन बिलं अशी परत आली. तिने हात घातल्यापासून एकही नाही.

सरकारचं आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं. उरलेला निधी त्याआधी वापरायचा म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात ऑर्डरींचा पूर येतो. 2016 च्या सप्टेंबरात आमच्या वर्षभराच्या उलाढालीएवढी एक ऑर्डर समोर आली. गिरणीला आगाऊ रक्कम द्यायची, कर्ज काढायचं, मग वाट पाहायची. दोन रात्री झोप नाही. शेवटी नाही म्हटलं. ओळखीच्या लोकांनी वेड्यात काढलं. कंपनीच्या आयुष्यातला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता, असं मी आजही मानतो.

सरकारकडे पैसे अडकले की काय होतं, ते पुढे कळलं. 22 डिसेंबर 2018 ला निधी मंजुरीवरून सरकारी कामकाज थांबलं, ते 35 दिवस. वनविभागाकडे आमचं बिल अडकलं. फोन उचलायला माणूस नव्हता. तेव्हा आमच्याकडे चार माणसं कामाला होती. त्यांचे पगार आम्ही घरावरच्या कर्जातून दिले. उशिराचं व्याज सरकारने नंतर दिलं, पण ते चिल्लर. तेव्हापासून तीन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा टाळं लागलं, या वेळी 43 दिवस. पगार एक तारखेला झाले.

शेड्यूल आम्हाला 2017 साली मिळालं. पाच वर्षं, आणि पाच-पाचच्या तीन मुदतवाढी. विक्रीवर पाऊण टक्का जीएसएला भरावा लागतो. यादीत आज आमच्या 214 वस्तू आहेत आणि प्रत्येकीसमोर ती कुठे बनली ते लिहिलेलं आहे. उत्पादकाचं पत्र हातात आल्याशिवाय बायको एकही वस्तू यादीत चढवू देत नाही. खोटी माहिती देऊन सरकारचे पैसे घेतले तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वर दंड असा कायदा आहे. पण ती भीतीने करत नाही. आपण सही केली म्हणजे ते खरं असलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

भावाचा टॉवेलही इथे येतो. आधी एका मोटेलवाल्याने घेतला, आता तशी बरीच गिऱ्हाईकं आहेत. गोदामाच्या जमिनीवर मी स्वतः एक पिवळा पट्टा रंगवला आहे. पट्ट्याच्या अलीकडे सरकारचा माल, पलीकडे सोलापूरचा. दोन्हींची खोकी कधी मिसळू द्यायची नाहीत. गेल्या वर्षी भाऊ पहिल्यांदा आला, तेव्हा पट्ट्याजवळ थांबला. जॉर्जियाचा एक टॉवेल उचलून त्याने काठ उलटून पाहिला, बोटांनी पीळ चाचपला आणि म्हणाला, "माल चांगलाय दादा." मग पट्टा ओलांडून आपल्या खोक्यांकडे गेला आणि एक वाकडं रचलेलं खोकं सरळ करून ठेवलं.